ब्रोशरमधली शाळा: ८६ कुटुंबांचे १ कोटी २५ लाख ५६ हजार कसे गेले

'फ्लॅटसोबत शाळा' अशी जाहिरात पाहून कोणी टोकन द्यायच्या बेतात असेल तर आधी हे वाचा. अशाच जाहिरातीवर विसंबून आम्ही ८६ कुटुंबांनी फ्लॅट घेतले आणि शाळेसाठी वेगळे पैसे भरले. तक्रारी चालू असल्यामुळे बिल्डरचे, शाळेचे पैसे घेणाऱ्या संस्थेचे, शहराचे आणि गावाचे नाव वकिलांनी लिहू दिलेले नाही. आकडे मात्र पावत्यांवरून जसेच्या तसे उतरवले आहेत.

प्रत्येक कुटुंबाकडून 'शाळा विकास निधी' म्हणून १,२५,००० रुपये, चेकने किंवा ऑनलाइन. 'प्रवेश आरक्षण' म्हणून २१,००० रुपये, रोख. अशी ८६ कुटुंबे. निधीचे १,०७,५०,००० आणि प्रवेशाचे १८,०६,०००, मिळून १,२५,५६,०००. याशिवाय शाळेच्या बाजूच्या विंगला चौरस फुटाला १८० रुपये जादा भाव होता, म्हणजे ७१२ चौरस फुटांच्या फ्लॅटमागे १,२८,१६०. ते पैसे वरच्या बेरजेत धरलेले नाहीत. ते अॅग्रीमेंटच्या किमतीत मुरले आणि त्यांच्यावरचे मुद्रांक शुल्कही आम्हीच भरले.

आज तिथे शाळा नाही, शाळेची परवानगी नाही, परवानगीसाठी केलेला अर्जसुद्धा नाही. आणि ज्या भूखंडावर ब्रोशरमध्ये लाल कौलांची इमारत रंगवली होती, तो विकास आराखड्यात (कोणती जागा कशासाठी हे ठरवणारा शहराचा नकाशा) 'प्राथमिक शाळा व क्रीडांगण' म्हणून आरक्षित आहे. म्हणजे तिथे शाळा होणारच होती, पण महापालिकेची.

डोळे कुठे उघडायला हवे होते, तर पावतीपाशी. फ्लॅटचा प्रत्येक रुपया बिल्डरच्या कंपनीच्या खात्यात गेला. शाळेचा पैसा मात्र एका धर्मादाय संस्थेच्या नावाने घेतला. पावतीवर संस्थेचा नोंदणी क्रमांक, खाली '८० जी' (देणगीवर आयकरात सूट देणारे कलम), आणि मधल्या ओळीत 'ऐच्छिक देणगी' हे दोन शब्द. सेल्स ऑफिसातून सांगितले गेले, 'उलट तुमचाच फायदा, टॅक्समध्ये सूट मिळेल.' ८६ घरांतल्या शिकल्यासवरल्या माणसांनी ही पावती हातात धरली, घडी घालून अॅग्रीमेंटच्या फाइलमध्ये ठेवली. बँकेत नोकरी करणारे होते, हिशेब तपासण्याचेच काम करणारे दोघे होते. ऐच्छिक कसली? ती दिल्याशिवाय प्रवेशाच्या यादीत नाव लागत नव्हते. हे सगळ्यांना माहीत होते आणि तरीही त्या शब्दांवर कोणाची नजर अडली नाही. याची लाज आजही वाटते. याच दोन शब्दांनी पुढे प्रत्येक कार्यालयाचे दार आमच्यासाठी बंद केले.

८० जीबद्दल एवढे तरी पक्के लक्षात ठेवा. देणगीच्या बदल्यात प्रवेश किंवा दुसरे काही मिळणार असेल तर ती देणगी नव्हे. २,००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीला सूट मिळत नाही, मग २१,००० रोख कशासाठी मागितले? नवी करप्रणाली घेतलेल्याला ८० जीचा उपयोगच नाही. संस्थेने वर्षअखेरीनंतर फॉर्म १० बीई, म्हणजे देणगीचे प्रमाणपत्र, द्यायला हवा होता. तो आमच्यापैकी एकालाही आला नाही, आणि २०२४ च्या जूनपर्यंत कोणी मागितलाही नाही.

दुसरी खूण पत्रकावरच होती. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात गृहप्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारे राज्याचे प्राधिकरण) क्यूआर कोड सक्तीचा आहे. फ्लॅटच्या पत्रकावर तो होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये वाटलेल्या शाळेच्या पत्रकावर नव्हता, कारण ते संस्थेच्या नावाने छापले होते. कागद तोच, मांडणी तीच, फोन नंबरही सेल्स ऑफिसचाच, पण कोड नाही. कोड नसलेले पत्रक हातात आले की तिथेच थांबा आणि ते छापले कोणाच्या नावावर आहे ते बघा.

तिसरी खूण अॅग्रीमेंटच्या जोडपत्रात. मंजूर नकाशा ए-फोर कागदावर इतका बारीक करून लावला होता की अक्षर लागत नव्हते. मोठी प्रत महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर होती, कोणालाही फुकट उतरवून घेता येते. त्यात त्या भूखंडावर आरक्षणाचा क्रमांक स्वच्छ लिहिलेला आहे. त्याच पानावर सुविधांची यादी असते. आमच्या यादीत क्लब हाउस होते, पोहण्याचा तलाव होता, सांडपाणी प्रक्रिया केंद्र होते. शाळा नव्हती. यादीत नाही ती सुविधा तुम्हाला विकलेलीच नाही, सेल्स ऑफिसातले मॉडेल काहीही दाखवो.

'एवढे कसे फसलात' असे विचारणाऱ्यांनी हेही समजून घ्यावे की फ्लॅट खोटे नव्हते. रेरा नोंदणी खरी होती, बांधकाम परवानगी खरी होती, तीन बँका कर्ज देत होत्या, ताबाही जवळपास वेळेवर मिळाला. बँकेचा वकील पाहतो तो इमारतीखालच्या जमिनीचा मालकी हक्क, ब्रोशरमधली शाळा त्याच्या अहवालात येत नाही. पण ती खात्री आम्ही शाळेवरही ओढली. त्यात भर म्हणजे शाळेच्या नियोजित मुख्याध्यापिका म्हणून एक बाई दर शनिवारी बसायच्या, मुलांच्या मुलाखती घ्यायच्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकाची अशी चाळणी लावायला बंदी आहे, आणि कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी ठरल्या फीशिवाय वेगळे पैसे, घेणाऱ्याला तिच्या दहापटीपर्यंत दंड आहे. मुलाखत ठेवली याचा आम्हाला संशय यायला हवा होता. उलट शाळा चांगली असणार असे वाटले.

शाळा खरी आहे का, हे तपासायला दहा मिनिटे लागतात. चालू शाळा असेल तर यूडायस क्रमांक, म्हणजे शासनाने शाळेला दिलेला ओळख क्रमांक, मागा. तो अकरा आकडी असतो आणि महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो. 'जूनपासून सुरू होणार' असे सांगत असतील तर स्वयंअर्थसहाय्यित (सरकारी अनुदानाशिवाय चालणाऱ्या) शाळांच्या २०१२ च्या कायद्याखाली राज्य शासनाने दिलेले इरादापत्र किंवा परवानगीचा आदेश मागा. 'सीबीएसईची प्रक्रिया चालू आहे' हे उत्तर नव्हे, कारण त्या संलग्नतेलाही राज्याची मान्यता किंवा ना हरकत लागते. संस्थेची नोंद धर्मादाय कार्यालयात पाहता येते. परिशिष्ट १ चा उतारा काढा, विश्वस्त कोण, पत्ता कुठला, शेवटचे हिशेब कधी दाखल झाले ते बघा. आमची संस्था दुसऱ्याच जिल्ह्यात नोंदलेली निघाली, तिचा कार्यालयाचा पत्ता सेल्स एजंटच्या राहत्या घराचा, आणि विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज दाखलच नव्हता.

पैसे गेले ते एक वेळ सोसू. पण आमच्याकडून त्याहून वाईट काम करून घेतले गेले.

आमचा प्रकल्प ज्या गावात आहे ते महापालिकेत आल्यावर जिल्हा परिषदेची जुनी शाळा पालिकेकडे आली. पत्र्याच्या खोल्या, पावसाळ्यात दोन वर्ग एकत्र बसतात. गावकऱ्यांची मागणी होती की आरक्षित भूखंड ताब्यात घेऊन तिथे पालिकेने नवी इमारत बांधावी. अंदाजपत्रकात तरतूद पडायची, पण जागा ताब्यात नाही म्हणून खर्च व्हायची नाही आणि वर्गीकरण करून रस्त्यांकडे वळवली जायची. प्रभागाच्या बैठकांत आम्ही फ्लॅटवाले ब्रोशरमधल्या शाळेसाठी त्यांच्याशी भांडलो. 'आमच्या मिळकतकराच्या बिलात शिक्षण कर आहे, आम्हाला चांगली शाळा नको का,' असे आम्ही म्हणायचो. एका आजींनी तिथेच विचारले होते, 'ताई, तुम्ही शाळा मागताय का आमची शाळा घालवताय?' आम्हाला त्यांचा राग आला होता.

ऑगस्ट २०२४ मध्ये बिल्डरच्या माणसांनी दारोदार येऊन छापील पत्रांवर सह्या घेतल्या. सांगितले असे की शाळेला परवानगी अडली आहे, रहिवाशांचा पाठिंबा हवा. ते पत्र प्रत्यक्षात महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खालची 'सूचना' होती. या कलमाने विकास आराखड्यात किरकोळ फेरबदल करता येतो. नियोजन प्राधिकरण नोटीस काढते, नोटिशीपासून एक महिन्यात हरकती-सूचना घेते, सुनावणी होते आणि प्रस्ताव मंजुरीसाठी शासनाकडे जातो. आमच्या पत्रात तिसऱ्या परिच्छेदात लिहिले होते, 'सदर आरक्षण वगळून क्षेत्र रहिवास विभागात समाविष्ट करण्यास आमची संमती आहे.' जमीन बिल्डरच्याच दुसऱ्या भागीदारी संस्थेच्या नावावर. आरक्षण उठले की तिथे पुढचे टॉवर. जमीनमालकाने त्याच कायद्याच्या कलम १२७ खाली 'जागा ताब्यात घ्या' अशी नोटीस देऊन आरक्षण संपवायचे तर आधी दहा वर्षे आणि नोटिशीनंतर २४ महिने थांबावे लागते. आमच्या सह्यांनी त्यांना जवळचा रस्ता मिळाला. पहिला आणि दुसरा परिच्छेद शाळेविषयी होता, म्हणून तिसरा कोणी वाचला नाही. सही करण्यापूर्वी सर्व्हे नंबर आणि 'प्रस्तावित फेरबदल' हा रकाना वाचा, बाकीचा मजकूर नाही वाचला तरी चालेल.

हे कळले ते फेब्रुवारी २०२५ मध्ये, माहिती अधिकारातून. दहा रुपयांचा अर्ज, नकलांऐवजी थेट फाइल पाहण्याची मागणी. पहिला तास फुकट असतो आणि तेवढा पुरतो. टिपणीच्या पानावर होते, 'स्थानिक रहिवाशांच्या ८६ अनुकूल सूचना प्राप्त.'

मग कार्यालयांच्या फेऱ्या. शिक्षण विभागातले उत्तर असे की शाळाच अस्तित्वात नाही, मग कॅपिटेशन फीची कारवाई कोणावर करायची? शाळा नसताना शाळेचे पैसे घेणे हा कमी गुन्हा झाला काय? १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्यात संस्थेच्या वतीने कोणी पैसे घेतले तरी ते मोडते, हे आम्ही लेखी दिले. उत्तर नाही. पोलीस ठाण्यात सांगितले, 'पावतीवर ऐच्छिक देणगी लिहिलंय, हे दिवाणी प्रकरण आहे.' रक्कम मोठी म्हणून आर्थिक गुन्हे शाखेकडे जा असेही म्हणाले. तिथून अर्ज चौकशीसाठी परत त्याच ठाण्यात आला, त्याच टेबलावर. मधे अकरा आठवडे गेले. मग वाद निघाला तो कलमाचा: पैसे १ जुलै २०२४ च्या आधीचे, म्हणून भारतीय दंड संहितेचे ४२०, की सह्या नंतरच्या, म्हणून भारतीय न्याय संहितेचे ३१८? कलम ठरवणे हे तक्रारदाराचे काम आहे का? बांधकाम परवानगी विभाग म्हणाला, नकाशात शाळा नाही म्हणजे आमच्याकडे तक्रार बसत नाही. नगररचनेचे साहेब म्हणाले, सूचना तर तुम्हीच दिल्यात. प्रत्येक खिडकीवर माणूस खरे बोलतो, आपल्यापुरते. चार खिडक्या मिळून ८६ कुटुंबांना परत पाठवतात आणि ज्याने पैसे घेतले त्याला साधी नोटीस जात नाही.

चौकीत नुसता तक्रार अर्ज देऊन येऊ नका, आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. गुन्हा नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांना टपालाने लेखी पाठवा, आणि त्यानंतर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आम्ही पहिले तीन महिने 'साहेब उद्या भेटतील' यात घालवले.

पैशांसाठी खरा आधार रेरा कायद्याचे कलम १२ आहे. खोट्या जाहिरातीवर किंवा पत्रकावर विसंबून ज्याचे नुकसान झाले, त्याला प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, भरपाई द्यायची असते. प्रश्न एवढाच की पत्रक संस्थेचे, ते बिल्डरला कसे चिकटवायचे? आमच्यातल्या ३१ जणांना ते पत्रक सेल्स ऑफिसच्या अधिकृत मेलवरून आले होते. त्यांची बाजू भक्कम आहे. उरलेल्या ५५ जणांकडे हातात दिलेला कागद आहे, मेल नाही. म्हणून तोंडी आश्वासन मिळाले की त्याच संध्याकाळी मेल करा, 'आज आपण सांगितल्याप्रमाणे शाळा अमुक महिन्यात सुरू होणार', आणि उत्तर मागा. महारेराकडे तक्रारीचे शुल्क ५,००० रुपये आहे. ग्राहक आयोगात जायचे असेल तर दोन वर्षांची मुदत आहे. ती पैसे दिल्यापासून मोजायची की नकार मिळाल्यापासून, हा वाद अंगावर घेऊ नका, पैसे दिल्याची तारीख धरून आधीच दाखल करा. रोख दिलेल्या २१,००० ची वेगळी पावती कोणाकडेच नाही. त्यांनी वहीत सही घेतली होती, आम्ही त्या पानाचा फोटोही काढला नाही.

नवीन भागात घर बघणाऱ्यांनी नगररचना विभागातून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (विकास आराखड्याचा तेवढा तुकडा) काढावा. सातबारावर आरक्षण दिसेलच असे नाही, त्यामुळे नुसता सातबारा बघून खूश होऊ नका. पुण्यात २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे महापालिकेत आली. अशा भागांत घरे आधी उभी राहतात आणि शाळा, दवाखाना, मैदान बराच काळ नकाशावरच्या रंगीत चौकोनात असतात. तो चौकोन तुमचा आहे, सार्वजनिक आहे. बिल्डर तो स्वतःचा म्हणून दाखवत असेल तर विकत काय घेताय ते पुन्हा तपासा.

कलम ३७ चा प्रस्ताव शासनाकडे गेला असला तरी मंजूर झालेला नाही. सूचना मागे घेण्याचे पत्र प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्र द्यायचे आहे, सोसायटीच्या एका ठरावाने भागणार नाही. एक प्रत नगररचना विभागाला, आवक शिक्क्यासह, आणि दुसरी मंत्रालयात नगरविकास विभागाला नोंदणीकृत टपालाने. मजकूर एवढाच: दिशाभूल करून सही घेतली, सूचना मागे घेत आहोत, प्राथमिक शाळा व क्रीडांगणाचे आरक्षण कायम ठेवावे. सोबत पत्रकाची आणि पावतीची प्रत. ८६ पैकी ५३ पत्रे गेली आहेत. गावातल्या शाळा समितीनेही त्यांचे पत्र जोडले, आम्ही त्यांच्याशी एवढे भांडलो होतो तरी. उरलेल्या ३३ घरांसाठी कोरे नमुने सोसायटीच्या ऑफिसात ठेवले आहेत, रोज संध्याकाळी ७ ते ९.