मागची काच काळी असेल तर आधी रंग खरवडून बघा

जुनी फिशटँक घेणार असाल आणि मागची काच आधीच रंगवलेली असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

माझ्या गळ्यात अशीच एक टाकी मारली गेली. काच कारखान्यातूनच काळी येते, म्हणून किंमत जास्त, असं विकणारा सांगत होता. काळ्या पाठीचे फायदे त्याने घडाघडा म्हणून दाखवले आणि ते खरेही आहेत: फिल्टरचे पाइप, वायरी झाकल्या जातात, माशांचे रंग उठून दिसतात. पाणी भरून दाखवा म्हटलं तर म्हणाला, "साहेब, आत्ताच पुसून कोरडी केलीय, परत कशाला ओली करायची?" वर दुसरं गिऱ्हाईक वाटेत असल्याची थाप.

घरी पाणी भरल्यावर आधी काहीच झालं नाही. मग खालच्या कोपऱ्याजवळ रंगाला फोड आला. नखाने टोचला तर आतून पाणी! टाकी रिकामी करून ब्लेड लावलं, तर रंगाचे पापुद्रे भराभर सुटले. साधा पाण्यात कालवायचा अ‍ॅक्रिलिक रंग. त्याखाली कोपऱ्यातून तिरका वर गेलेला वीतभर तडा, त्यावर बाहेरून फासून सपाट केलेलं सिलिकॉन, म्हणजे टाकीच्या काचा जोडायचा रबरासारखा चिकट मसाला. आतल्या सांध्यातही जुन्या सिलिकॉनवरच नवं चढवलेलं. वाळलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धड धरत नाही, हे टाक्या बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. घेताना टाकीला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता, त्याला हा गृहस्थ रंगाचा वास म्हणाला होता. तो ताज्या सिलिकॉनचा वास.

हे प्रकरण नुसत्या गळतीचं नाही. ९० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि ४५ सेंमी उंच टाकी काठोकाठ भरली तर आत सुमारे १८० लिटर पाणी, म्हणजे तेवढेच किलो. एकट्या मागच्या काचेवर जवळपास ९० किलो वजनाइतका रेटा येतो आणि त्यातला सर्वाधिक तळाशी, म्हणजे नेमका तडा होता तिथे.

फोन केला तर उत्तर मिळालं, "तडा तुम्ही नेताना गेला असेल." मग रंगाच्या खाली सिलिकॉन कुणी भरलं, असं विचारल्यावर फोन कट, आणि नंतर उचललाच नाही.

खरी रंगीत काच कडेने बघितली तरी रंगीतच दिसते. साध्या काचेची कड हिरवट असते आणि रंग फक्त पाठीवर. कोपऱ्यात ब्लेडने चिमूटभर रंग काढू द्या म्हणा. मालात खोट नसेल तर एवढ्याने कुणाचं बिघडत नाही, परत हात मारायला पाच मिनिटं लागतात. ताज्या रंगाचा तर जास्तच संशय घ्या. आणि सपाट जागेवर, खाली वर्तमानपत्र अंथरून, टाकी रात्रभर भरून ठेवायला लावा. भरतानाचा व्हिडिओ काढा.

रंग काचेच्या आतल्या बाजूने लावलेला दिसला तर घासाघीसही करू नका. तो सुटून पाण्यात उतरतो. पाठ रंगवायची ती बाहेरूनच, आणि तीही टाकी गळत नाही याची खात्री झाल्यावर. स्पिरिटने काच पुसायची, कडांना मास्किंग टेप लावायची, फोमच्या रोलरने पातळ हात द्यायचे. पहिला हात उजेडात धरला तर पट्टेपट्टे दिसतात. तो पुरता वाळल्यावरच दुसरा द्यायचा.