पॉलिएथिलीन ग्लायकॉल पावडर: जुनाट बद्धकोष्ठतेत कुणाला पुरते, कुणाला नाही

आधी निकाल सांगतो. रोज घ्यायच्या रेचकांमध्ये मोठ्या माणसांनी पहिल्यांदा करून पाहावं असं औषध हेच. चव फारशी जाणवत नाही, पोटात मुरडा क्वचित येतो आणि काही महिने घेतलं तरी गुण कमी होत नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन मोठ्या संघटनांनी २०२३ मध्ये मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत याची ठाम शिफारस आहे. लॅक्टुलोज (न पचणाऱ्या साखरेचं पातळ औषध), सेना (सोनामुखी) आणि तंतुमय पूरकं यांच्या वाट्याला तिथे सशर्त शिफारस आली आहे. तरीही ‘घेऊन पाहिली, काही फरक नाही’ ही तक्रार सारखी कानावर येते. बहुतेक वेळा चूक मापात असते, नाहीतर निदानात.

पॉलिएथिलीन ग्लायकॉल ३३५० (आकडा रेणूच्या सरासरी वजनाचा) रक्तात जवळजवळ शोषलं जात नाही. ते पाणी धरून ठेवतं आणि ते पाणी मळाबरोबर थेट गुदाशयापर्यंत पोचतं. आतड्यातल्या जिवाणूंना ते आंबवता येत नाही, म्हणून गॅस कमी. लॅक्टुलोज मागे पडतं ते इथेच. तेही पाणी ओढतं, पण आंबतं, आणि आधीच पोट फुगणाऱ्याला रोजचे १५ ते ३० मिली नकोसे होतात.

माप १७ ग्रॅम, दिवसातून एकदा, १२० ते २४० मिली पाण्यात किंवा कुठल्याही पेयात. डब्याच्या झाकणात आतल्या बाजूला खूण असेल तर पावडर तिथपर्यंत सपाट भरायची. पुड्या असतील तर एका पुडीत किती ग्रॅम आहे ते वाचून घ्यायचं, कारण क्षार मिसळलेल्या प्रकारात ते कमी असतं. घरातल्या चमच्याने अंदाज घेऊ नये. अर्धंमुर्धं माप हे अपयशाचं सगळ्यात साधं कारण आहे. पाणी नितळ दिसेपर्यंत ढवळायचं. आणि पहिल्या रात्रीनंतर सकाळी काही झालं नाही म्हणून डबा बाजूला ठेवायचा नाही. हे औषध आतड्याला ढकलत नाही, फक्त मळ ओला ठेवतं. त्यामुळे गुण यायला एक ते तीन दिवस लागतात, कधी चार. रोज माप बदललं तर एक दिवस खडे आणि दुसऱ्या दिवशी जुलाब असा खेळ सुरू होतो. एक माप निदान तीन-चार दिवस ठेवावं, मग पातळ होत असेल तर अर्धं करावं, अजून घट्ट असेल तर डॉक्टरांना विचारून वाढवावं. मळाचं रूप सात प्रकारांत मांडणाऱ्या ब्रिस्टल तक्त्यातला चौथा प्रकार, म्हणजे सलग, गुळगुळीत आणि मऊ, हे लक्ष्य. सुटे टणक खडे पहिल्या प्रकारात येतात, खडे चिकटून झालेला गाठाळ मळ दुसऱ्यात.

एक फसवी परिस्थिती इथे नीट समजून घ्यावी. गुदाशयात मोठा, सुकलेला गोळा अडकून बसला असेल, तर वरून आलेलं पातळ पाणी त्याच्या कडेने झिरपतं. माणसाला वाटतं आपल्याला जुलाब होत आहेत, आणि तो औषध बंद करतो. गोळा आणखी घट्ट होतो. वयस्कर आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांत हे वारंवार घडतं. डॉक्टरांनी बोट घालून तपासलं की गोळा बऱ्याचदा तिथेच हाताला लागतो. अशा वेळी आधी एनिमा, गुदद्वारातून ठेवायची गोळी किंवा देखरेखीखाली जास्त मात्रेत हीच पावडर वापरून कोठा रिकामा करायचा, आणि मगच रोजचं माप सुरू करायचं.

दुसरी गोष्ट निदानाची. आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा शौचाला होणं एवढीच बद्धकोष्ठतेची व्याख्या नाही. २०१६ च्या रोम निकषांत, म्हणजे अशा विकारांच्या निदानासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय कसोट्यांत, कुंथावं लागणं, मळ घट्ट असणं, साफ न झाल्यासारखं वाटणं, वाट अडल्यासारखं वाटणं आणि बोटाची मदत घ्यावी लागणं हेही धरलं आहे. एकूण सहांपैकी दोन लक्षणं हवीत, गेले तीन महिने हवीत, आणि सुरुवात निदान सहा महिन्यांपूर्वीची हवी. मळ मऊ असूनही जोर करावा लागत असेल तर ही पावडर अर्धंच काम करील. अशा अनेकांत शौचाच्या वेळी सैल पडायला हवेत ते ओटीपोटाच्या तळाचे स्नायू उलटे आवळले जातात. याची तपासणी साधी आहे. गुदाशयात छोटा फुगा सरकवून त्यात साधारण ५० मिली पाणी भरतात आणि तो बाहेर टाकायला सांगतात. एक-दोन मिनिटांत जमला नाही तर शंका बळावते. सोबत मॅनोमेट्रीने दाब मोजतात. यावर उपाय बायोफीडबॅक. पडद्यावर स्वतःचा दाब बघत पोटाने ढकलायचं आणि खाली सैल सोडायचं, हे काही बैठकांत शिकवलं जातं. अशा रुग्णांत ते रेचकांपेक्षा सरस ठरलं आहे. ही तपासणी न करता वर्षानुवर्षं औषधं बदलत राहणं हा रुग्णावर अन्याय आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्याआधी चालू औषधांची यादी तपासावी. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, ॲल्युमिनियम असलेली आम्लनाशकं, रक्तदाबाचं व्हेरापामिल, कोडीन आणि इतर ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामकं) ही नेहमीची कारणं. थायरॉइड, रक्तातलं कॅल्शियम, साखर आणि हिमोग्लोबिन गरजेप्रमाणे बघतात. मळातून रक्त, विनाकारण घटलेलं वजन, रक्तक्षय, घरात मोठ्या आतड्याचा कर्करोग, किंवा उतारवयात नव्यानेच बदललेली सवय यांपैकी काही असेल तर पावडर घेत वाट बघू नये. कोलोनोस्कोपीबद्दल, म्हणजे दुर्बिणीतून मोठं आतडं तपासण्याबद्दल, लगेच विचारावं.

इसबगोलशी तुलना अटळ आहे. सौम्य त्रासात इसबगोल चांगलं, पण प्रत्येक वेळी पेलाभर पाणी हवंच, मात्रा हळूहळू वाढवायला हवी आणि झोपायच्या तोंडावर घेऊ नये. आतड्याची गती मुळातच मंद असेल तर त्याने पोट आणखी जड होतं. बिसाकोडिल, म्हणजे आतड्याला हलवणारी रेचक गोळी, आमच्या मते राखीव ठेवावं: दोन-तीन दिवस काहीच झालं नाही तर रात्री ५ ते १० मिलिग्रॅम, गुण ६ ते १२ तासांत. ती गोळी चावू नये, दुधाबरोबर किंवा आम्लनाशकाबरोबर घेऊ नये. वरचं आवरण पोटातच विरघळलं तर जळजळ होते.

आतड्याला अडथळा असल्याचा संशय, तीव्र पोटदुखी किंवा सतत उलट्या असतील तर ही पावडर मुळीच घ्यायची नाही. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरू करावी. गिळायला त्रास होतो म्हणून स्टार्चची पावडर घालून घट्ट केलेली पेयं पिणाऱ्यांनी हे रेचक त्या पेयांत मिसळू नये. मिश्रण पुन्हा पातळ होतं आणि श्वासनलिकेत जायचा धोका वाढतो.

बंद करायची तर एकदम करू नये. मळ काही आठवडे मऊ राहिला की माप थोडं थोडं उतरवावं. जोरदार रेचकाने कोठा पूर्ण रिकामा झाला असेल तर पुढचे दोन दिवस शौचाला न होणं स्वाभाविक आहे. आतड्यात भरायलाच वेळ लागतो. याच दिवसांत ‘सवय लागली’ या भीतीने किंवा घाईने पुन्हा मोठा डोस घेतला जातो. त्याऐवजी जेवणानंतर, आतडं आपणहून हलतं तेव्हा, पायाखाली चौरंग घेऊन गुडघे कमरेच्या वर येतील असं दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही इतकंच बसावं. नाही झालं तर उठावं.