जोड-लेझर मोजमाप संच: वानराला हात न लावता त्याची लांबी

परतवाडा-चिखलदरा भागातल्या वानरांच्या टोळ्या आमच्या कॉलेजचा प्राणिशास्त्र विभाग नियमित बघत असतो. त्यासाठी यंदा आम्ही जोड-लेझर संच घेतला. दुसऱ्या कॉलेजांतून फोन येतात, "मॅडम, घ्यावा का?" माझं उत्तर: जरूर घ्या, पण लेझरपेक्षा तो ज्या पट्टीत बसवलाय ती पट्टी बघून घ्या.

वस्तू साधीच आहे. अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी, तिच्यात समांतर बसवलेले दोन हिरवे लेझर, मधलं अंतर 4 सेंटीमीटर. पट्टी कॅमेऱ्याखाली ट्रायपॉडच्या स्क्रूवर बसते. वानर आडवं उभं राहिलं की कुशीवर दोन ठिपके पाडून फोटो घ्यायचा. किरण समांतर, म्हणून वानर 8 मीटरवर असो की 15, ठिपक्यांमधलं अंतर तेवढंच. मग इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पिक्सेल मोजायचे. ठिपक्यांत 120 पिक्सेल आणि खांद्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत 1,350 आले, तर धड 45 सेंटीमीटर. गुंगीचं इंजेक्शन नाही, जाळं नाही, पोटाशी पिल्लू धरलेल्या मादीची पळापळ नाही. माझ्यासाठी हे शेवटचं सगळ्यांत मोलाचं.

युगांडातल्या किबालेच्या जंगलात जेसिका रॉथमन आणि सहकाऱ्यांनी लाल कोलोबस माकडांच्या शेपट्या याच रीतीने मोजल्या, ते काम 2008 मध्ये छापून आलं. रवांडातल्या डोंगरी गोरिलांच्या पाठीची रुंदीही फोटोवरून मोजली गेली. 2021 मध्ये त्यावरून दिसलं, की जितका नर मोठा तितका त्याच्या छाती बडवण्याचा आवाज खालच्या पट्टीतला. पकडून मोजायचं म्हटलं असतं तर हा प्रश्न कुणी विचारलाच नसता.

आता पट्टीकडे येते. घाटातून जीपने वर जाईपर्यंत आमच्या संचातले लेझर समांतर धरून ठेवणारे बारीक स्क्रू सैल व्हायचे. 15 मीटरवर किरण 2 मिलिमीटरने जरी फाकले, तरी 40 च्या जागी 42 होतात आणि 45 सेंटीमीटरचं धड 43 च्या आत मोजलं जातं. वयात येणाऱ्या नराची वाढ बघायची असेल तर एवढ्या फरकात ती वाढच गडप होते. म्हणून रोज कामाला लागण्याआधी विश्रामगृहाच्या भिंतीवर आलेखाचा कागद चिकटवायचा आणि 5, 10, 15 मीटरवरून ठिपके तपासायचे. आमचे विद्यार्थी याला कंटाळतात, मी सोडत नाही.

संचाचा दोष नसलेली एक अडचण आहे ती कोनाची. वानर 20 अंशांनी जरी तिरकं असलं तरी त्याची लांबी फोटोत 6 टक्क्यांनी कमी भरते, आणि ठिपके मात्र आपले 4 सेंटीमीटरवरच राहतात, म्हणजे चूक लक्षातही येत नाही. सागाच्या शेंड्यावर बसलेल्या हुप्प्याचा फोटो त्यामुळे बाद. सकाळी टोळी पुलाच्या कठड्यावरून ओळीने चालत जाते, ती वेळ सोन्याची: प्रत्येक जण आडवा, पाठ सरळ, शेपूट मोकळी. एकेकाचे बरेच फोटो घेऊन त्यांतला सर्वांत सरळ निवडायचा. दुपारच्या उन्हात त्या फिकट केसांवर ठिपका शोधूनही सापडत नाही, तेव्हा संच पिशवीत ठेवलेला बरा.

लेझर स्वतः निवडताना काटकसर नको. बाजारातल्या स्वस्त हिरव्या पेनांवर 5 मिलिवॅट छापलेलं असलं तरी आत जास्त, डोळ्यांना घातक ताकद असू शकते. 532 नॅनोमीटरच्या काही पेनांमधून तर न दिसणारा अवरक्त प्रकाशही गळतो, कारण तो अडवणारी गाळणी खर्च वाचवायला आत बसवलेलीच नसते. शक्तीचं मापन करून दिलेला, गाळणी असलेला लेझरच मागा. आणि वानराचं तोंड आपल्याकडे असताना बटण दाबायचं नाही, कितीही छान उभं असलं तरी. हा आमच्या विभागाचा नियम आहे आणि त्यात सवलत नाही. वनखात्याची परवानगी लागते ती वेगळी.

वजन यातून कळत नाही. टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात चिंपांझींसाठी दोरीला वजनकाटा लावून आमिष ठेवत आणि चिंपांझी दोरीवर चढला की वजन वाचत. आमच्याकडे मी ते करणार नाही. चिखलदऱ्याला पर्यटकांच्या पोळ्या-चिप्सनी वानरांच्या सवयी आधीच बिघडल्यात, त्यात आमची भर नको.

बनवणाऱ्या कारागिराला कळवलंय की पुढच्या संचात स्क्रूंना लॉकनट द्या. त्यांनी मान्य केलंय. तोवर जुळणी झाली की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा थेंब टाका, घाट उतरेपर्यंत हलत नाही.