नको असलेला माणूस: ब्लॉक, म्यूट की तक्रार?

कुणाला ब्लॉक करण्याआधी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधा: समोरचा माणूस तुम्हाला ओळखतो का? कर्ज विकणाऱ्या मुलीसाठी तुम्ही यादीतला एक नंबर असता. तुम्ही तो बंद केलात तरी तिला कळत नाही, कळलं तरी तिचं काही अडत नाही, आणि उद्या दुसऱ्या नंबरवरून दुसरी कुणी फोन करते. याउलट नात्यातला, ऑफिसमधला किंवा पूर्वीच्या नात्यातला माणूस तुम्हालाच शोधत असतो. त्याला ब्लॉक केल्याचं कळतं आणि तो दुसरं दार शोधतो. या दोघांसाठी उपाय वेगळे आहेत. बहुतेक लोक मात्र दोघांनाही तेच लाल बटण लावतात आणि मग म्हणतात, ब्लॉक करून काही उपयोग होत नाही.

अनोळखी नंबर: फोनमधला ब्लॉक की डीएनडी?

फोनमध्ये नंबर ब्लॉक करणं सगळ्यात सोपं. आलेल्या कॉलवर बोट दाबून धरलं की झालं. पण हा ब्लॉक फक्त त्या एका नंबरापुरता असतो. विक्रीवाल्यांकडे नंबरांचा तोटा नाही, त्यामुळे ब्लॉक केलेल्यांची यादी वाढत जाते आणि फोन येतच राहतात.

डीएनडी म्हणजे ‘डू नॉट डिस्टर्ब’ची नोंदणी. तिचं काम वेगळ्या पातळीवर चालतं. १९०९ वर इंग्रजीत ‘स्टार्ट’ लिहून, जागा सोडून शून्य असा एसएमएस पाठवला की सगळ्या जाहिराती बंद करण्याची नोंद होते. सगळ्याच जाहिराती बंद करायच्या नसतील तर शून्याऐवजी १ ते ८ पैकी आकडा द्यायचा: १ म्हणजे बँका, विमा आणि कर्जं, २ म्हणजे घरं-जमिनी, ३ शिक्षण, ४ आरोग्य वगैरे. ओटीपी आणि खात्यातल्या व्यवहारांचे मेसेज यामुळे थांबत नाहीत, तेव्हा ती भीती नको.

डीएनडी लावून गप्प बसलात तर मात्र अर्धंच काम होतं. खरा जोर तक्रारीत आहे. ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, मूळ नियम २०१८ चे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांत दुरुस्ती झाली आणि ग्राहकाच्या हाती बरंच काही आलं. तक्रार करायला पूर्वी तीन दिवस मिळायचे, आता सात मिळतात. दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी पाठवणाऱ्यावर कारवाई सुरू होऊ शकते. पूर्वी सात दिवसांत दहा लागायच्या. साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून जाहिरातीचे फोन करायलाच मनाई आहे. जाहिरातीसाठी १४० ने सुरू होणारे नंबर, बँकांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारे. म्हणजे साध्या मोबाइल नंबरवरून कुणी क्रेडिट कार्ड विकत असेल तर नियम तिथेच मोडलेला असतो. तक्रार १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपमधून करता येते. एसएमएसच्या बाबतीत पाठवणाऱ्याच्या नावाचं शेवटचं अक्षर पाहा: इंग्रजी पी असेल तर जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी.

माझं मत विचाराल तर विक्रीच्या फोनसाठी ब्लॉक करण्यात वेळ घालवू नका. डीएनडी एकदा लावा आणि आठवड्याकाठी दोन तक्रारी करा.

अनोळखी सगळेच गप्प करायचे का?

आयफोनमध्ये २०१९ पासून अनोळखी फोन गप्प करण्याची सोय आहे. कॉन्टॅक्टमध्ये नसलेल्याचा फोन वाजत नाही, पण आलेल्या कॉलच्या यादीत दिसतो. अँड्रॉइडवर बरेच जण गुगलच्या फोन अ‍ॅपमध्ये ब्लॉक केलेल्या नंबरांच्या पानावरचं ‘अननोन’ हे बटण चालू करतात आणि आता सगळे अनोळखी बंद झाले असं समजतात. तसं होत नाही. ते बटण फक्त स्वतःचा नंबर लपवून फोन करणाऱ्यांना अडवतं. तुमच्याकडे सेव्ह नसलेला, पण स्क्रीनवर दिसणारा नंबर त्यातून सहज आत येतो. त्याच अ‍ॅपमधला स्पॅम ओळखून अडवण्याचा पर्याय वेगळा आहे, आणि तो चालू ठेवावा.

अनोळखी फोन गप्प करणं कुणी निवडावं? घरात एकटे राहणारे आई-वडील असतील आणि ‘डिजिटल अरेस्ट’च्या धमक्यांना घाबरण्यासारखे असतील, तर जरूर. मूल शाळेत जात असेल, घरात कुणी दवाखान्यात असेल किंवा कामाचे फोन नवीन लोकांकडून येत असतील, तर नको. शाळेच्या बसवाल्याचा फोन एकदा चुकला की त्यापुढे दहा कर्जवाल्यांचा त्रासही परवडला असं वाटेल.

ट्रूकॉलर या दोहोंच्या मधला रस्ता आहे. कोणाचा फोन आहे ते आधी कळतं, स्पॅम म्हणून नोंदलेले नंबर आपोआप अडवता येतात. किंमत एवढीच की अ‍ॅपला कॉल आणि कॉन्टॅक्टच्या परवानग्या द्याव्या लागतात, आणि लोकांनी तुमचं नाव ज्या नावाने ठेवलंय तेही इतरांना दिसू शकतं. ज्यांना स्वतःची ओळख जपायची आहे, विशेषतः कुणाच्या त्रासापासून दूर गेलेल्या बायकांनी, ते टाळलेलं बरं.

फसवणूक करणाऱ्यांना नुसतं ब्लॉक करू नका. पैसे गेले नसतील तर संचार साथी या सरकारी पोर्टलच्या ‘चक्षू’ सुविधेवर तो नंबर नोंदवा. ही सोय मार्च २०२४ पासून आहे. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती गोठवता येते का, हे तिथे वेळेवर ठरतं.

ओळखीचा माणूस: ब्लॉक की दुरून नमस्कार?

सतत टोमणे मारणारा चुलतभाऊ, रात्री अकराला ‘काय करतेस’ विचारणारा सहकारी, नातं संपलंय हे मान्य न करणारा कुणी. यांच्या बाबतीत आधी ठरवा की ब्लॉक केल्याचं त्याला कळलेलं चालेल का.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा ब्लॉक उघडपणे जाहीर होत नाही, पण लपतही नाही. मेसेज एका टिकवर अडकतो, लास्ट सीन दिसेनासं होतं, बदललेला डीपी दिसत नाही, फोन लागत नाही. दोन दिवसांत चाणाक्ष माणूस ओळखतो. ब्लॉक असताना आलेले मेसेज नंतर ब्लॉक काढला तरी येत नाहीत. आणि सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये तुम्ही दोघं असाल, तर तिथले मेसेज दोघांनाही दिसत राहतात. हे माहीत नसल्यामुळे गैरसमज होतात: मी याला ब्लॉक केलं होतं, मग हा मला ग्रुपवर कसा बोलतो?

नात्यातल्या माणसासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉकपेक्षा म्यूट आणि आर्काइव्ह जास्त कामाचं. संभाषण खाली जातं, आवाज होत नाही, समोरच्याला काही कळत नाही, आणि लग्नकार्यात समोरासमोर आल्यावर प्रश्न उभा राहत नाही. सोबत प्रायव्हसीत जाऊन लास्ट सीन, डीपी आणि स्टेटस त्या एका माणसापासून लपवता येतं. ग्रुपमध्ये तुम्हाला कुणी घालावं, हेही तिथेच फक्त कॉन्टॅक्टपुरतं मर्यादित करा. जून २०२३ पासून अनोळखी व्हॉट्सअ‍ॅप कॉल गप्प करायची सोयही तिथेच आहे. त्याआधीच्या महिन्यात परदेशी क्रमांकांवरून मिस्ड कॉलचा नुसता पाऊस पडला होता, ते अनेकांना आठवत असेल.

इन्स्टाग्रामवर ‘रिस्ट्रिक्ट’ हा पर्याय यासाठीच आहे. त्या माणसाची कमेंट फक्त त्यालाच दिसते, मेसेज रिक्वेस्टमध्ये जातात, तुम्ही ऑनलाइन आहात का आणि वाचलंत का हे त्याला दिसत नाही. त्याला वाटतं सगळं पूर्वीसारखंच आहे. कॉलेजमधल्या मुलींना मी आधी हाच पर्याय सुचवते, कारण ब्लॉक केल्यावर चिडून नवं खातं उघडणारे बरेच असतात. ब्लॉकच करायचं ठरलं, तर त्याची इतर आणि पुढे उघडली जाणारी खातीही अडवण्याचा पर्याय निवडा.

फेसबुकवर ब्लॉक करताना एक ध्यानात ठेवा: रागात ब्लॉक काढला आणि पुन्हा करावासा वाटला, तर ४८ तास थांबावं लागतं. मेसेंजरमधून फक्त मेसेज बंद करणं आणि पूर्ण फेसबुकवर ब्लॉक करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात तो तुमचं प्रोफाइल पाहू शकतो. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) तर नोव्हेंबर २०२४ पासून ब्लॉक केलेला माणूसही तुमच्या सार्वजनिक पोस्ट वाचू शकतो, फक्त उत्तर देऊ शकत नाही. तिथे कुणाच्या नजरेआड व्हायचं असेल तर खातंच खाजगी करावं लागतं.

छळ असेल तर क्रम उलटा

धमक्या येत असतील, फोटो पसरवण्याची भाषा असेल, तर आधी पुरावा, मग ब्लॉक. स्क्रीनशॉट घ्या, त्यात नंबर आणि तारीख दिसू द्या, व्हॉट्सअ‍ॅपचं अख्खं संभाषण एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘रिपोर्ट’ केलं की त्या माणसाचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, पण तुमच्या हाती काही राहावं यासाठी ते नाही.

ईमेलमध्ये हा फरक सगळ्यात ठळक आहे. जीमेलमध्ये ब्लॉक केलं की पुढची पत्रं स्पॅममध्ये जातात आणि तिथून ३० दिवसांनी कायमची पुसली जातात. महिन्याभराने पोलिसांकडे जायचं ठरवलं तर दाखवायला काही उरत नाही. त्याऐवजी फिल्टर लावा: त्या पत्त्यावरून आलेलं पत्र इनबॉक्समध्ये न येता थेट एका वेगळ्या लेबलखाली जाईल. तुम्हाला दिसत नाही, पण जपून राहतं. फिल्टर मात्र संगणकावरून लावावा लागतो, मोबाइल अ‍ॅपमध्ये ती सोय नाही. ओळखीच्या दुकानाच्या जाहिरातींसाठी ‘अनसबस्क्राइब’ पुरे. कुठून आलं तेच कळत नसलेल्या पत्रातली तशी लिंक दाबू नका, पत्ता चालू आहे एवढं त्यांना त्यातून कळतं.

आणि एक दार सगळे विसरतात, ते म्हणजे पैशाचं. सगळीकडून ब्लॉक झाल्यावर एक रुपया पाठवून त्यासोबतच्या ओळीत निरोप लिहिणारी माणसं आहेत. पासबुक उघडावं, विजेचं बिल, किराणा, दूध, आणि मध्येच १ रुपया जमा, ‘फोन उचल’. गुगल पेमध्ये त्या व्यक्तीच्या संभाषणात जाऊन ब्लॉक करता येतं. पण खाते क्रमांक माहीत असेल तर बँकेतून थेट पाठवलेला रुपया येतोच. तो परत पाठवू नका, उत्तर देऊ नका. बँकेचं स्टेटमेंट जपून ठेवा, नाकारता न येणारा पुरावा असतो तो.

बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुषाने तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणून ब्लॉक करण्याआधी एकच वाक्य लेखी पाठवा: ‘यापुढे माझ्याशी संपर्क करू नये.’ त्यानंतर वाद घालू नका. मग एका बैठकीत सगळी दारं लावा: फोन, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, फेसबुक, मेल, पैशांचं अ‍ॅप, आणि गुगल मॅप्सवर कधीकाळी चालू ठेवलेलं लोकेशन शेअरिंग. फोनमधला ब्लॉक व्हॉट्सअ‍ॅपला लागू होत नाही, व्हॉट्सअ‍ॅपचा फोनला नाही. एकेक करत दोन आठवडे लावलेत, तर त्याला प्रत्येक वेळी नवं दार सापडतं.

वसुलीवाल्यांचं प्रकरण या दोन्ही गटांत बसत नाही. मित्राने कर्ज घेताना तुमचा नंबर दिला आणि आता एजंट तुम्हाला फोन करतात. ब्लॉक केलं तर नंबर बदलून येतात. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला फोनच्या वेळांसकट मेल करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

नंबरच बदलावा का?

शेवटचा पर्याय म्हणून लोक हे विचारतात. आधार, बँक, गॅस, पीएफ, सगळीकडे नंबर बदलणं हे महिन्याभराचं काम. आणि सोडलेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, त्यामुळे एखादी जोडणी राहून गेली तर तुमचा ओटीपी त्याच्याकडे जाईल. मी दोन सिमचा मार्ग सुचवेन: जुना नंबर फक्त बँक आणि सरकारी कामांसाठी चालू ठेवा, त्याचा आवाज बंद करा, माणसांसाठी नवा घ्या. व्हॉट्सअ‍ॅप नव्या नंबरवर नेताना कॉन्टॅक्टना कळवायचं की नाही हे निवडता येतं, पण तुम्ही ज्या ग्रुपांमध्ये आहात तिथे नंबर बदलल्याचं आपोआप दिसतं. त्यामुळे तो माणूस ज्या ग्रुपांत आहे, ते सगळे ग्रुप आधी सोडा आणि मगच नंबर बदला.