तालुक्याच्या साप्ताहिकाला कोणता फॉन्ट: तिरो की मुक्ता?

जुन्या फॉन्टवरून युनिकोडवर, म्हणजे कुठल्याही संगणकावर वा मोबाइलवर वाचता येणाऱ्या अक्षरांवर, जायचं ठरलं की संपादकांचा पहिला प्रश्न ठरलेला: मजकुराला काय लावायचं? फुकटच्या फॉन्टांची चाळणी करत गेलं की माझ्यापुढे दर वेळी दोनच नावं उरतात, तिरो देवनागरी मराठी आणि मुक्ता. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर मिळतात आणि दोन्हींचा परवाना खुला आहे, त्यामुळे अंक विकलात तरी कुणाला पैसे देणं लागत नाही. स्वभाव मात्र दोघांचे अगदी वेगळे.

तिरोचं घराणं पुस्तकाचं. मूर्ती क्लासिकल लायब्ररी या भारतीय अभिजात साहित्याच्या ग्रंथमालेसाठी जॉन हडसन आणि फिओना रॉस यांनी जी देवनागरी घडवली, तिच्यातून हा निघाला. रेघ जाड-बारीक, वळण बोरूचं. खिळ्यांच्या छपाईवर डोळा तयार झालेल्या जुन्या वाचकाला तो पहिल्या ओळीपासून घरचा वाटतो. शिवाय हिंदी, मराठी आणि संस्कृतसाठी त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत, म्हणून पाकळीचा ल आणि देठाचा श काही न करता येतात. इतर कित्येक फॉन्टांत मजकुराची भाषा मराठी निवडेपर्यंत हिंदी वळणाचे ल-श दिसत राहतात. मुक्ता घेतलात तर हे आधी तपासा.

तिरोची मोठी अडचण म्हणजे त्याला ठळक वजनच, म्हणजे जाड अक्षरांची आवृत्तीच, नाही. सरळ आणि तिरपा, संपलं. सॉफ्टवेअरकडून बळंच जाड करून घेतलात तर अक्षरं सुजल्यासारखी दिसतात. म्हणजे मथळ्यांसाठी दुसरा फॉन्ट आणावाच लागतो.

मुक्ता मुंबईच्या एक टाइप या गटाचा. रेघ जवळजवळ एकसारख्या जाडीची, अक्षरांची पोटं मोकळी, आणि वजनं सात. बाजारभावाचा तक्ता, निविदा, वाढदिवसाच्या शुभेच्छा, लीडचा, म्हणजे मुख्य बातमीचा, मथळा असं सगळं एकाच कुटुंबात भागतं. गुजराती जाहिराती येत असतील तर मुक्ता वाणी हा जोडीदारही तयार आहे. उणं एवढंच, की दोन पानांचा लेख मुक्तात वाचताना मला सरकारी माहितीपत्रक वाचल्यासारखं वाटतं. हे माझं मत. तिशीतल्या वाचकाला तसं वाटेलच असं नाही.

खरा निकाल मात्र कागद लावतो. स्क्रीनवर तिरो सुंदर दिसतो, पण स्वस्त न्यूजप्रिंटवर शाई पसरते. बारीक रेघा कुठे तुटतात, कुठे फुगतात. देवनागरीत याची किंमत जास्त, कारण भ आणि म, ध आणि घ यांच्यात फरक शिरोरेघेतल्या एका फटीचा. ती बुजली की 'पोलीस भरती'ची 'पोलीस मरती' व्हायला वेळ लागत नाही. मुक्ताच्याही सर्वांत जाड वजनात ही फट अरुंद होते, म्हणून लहान मथळ्याला ते वजन नको. मजकुरात ११ पॉइंटच्या खाली तिरो मी न्यूजप्रिंटवर लावणार नाही.

दोघांची तुलना करताना पॉइंटचा आकडा सारखा ठेवू नका, फसाल. शिरोरेघेपासून 'क'च्या तळापर्यंतची उंची सारखी करा आणि मग ४ सेंटीमीटरच्या कॉलमात कोणाच्या किती ओळी होतात ते मोजा. ओळींमधलं अंतर हातानं द्या. सॉफ्टवेअरचं आपोआप अंतर इंग्रजीच्या मापानं बेतलेलं असतं. वरच्या ओळीतल्या 'मृत्यू'चे उकार खालच्या 'गर्दी'च्या रफाराला जाऊन भिडतात. ११ पॉइंटला मी साडेचौदा ठेवतो. आणि कॉलम आठऐवजी सहा करा. 'जिल्हाधिकाऱ्यांच्या' हा एक शब्द अरुंद कॉलमाची अख्खी ओळ खातो, वरच्या ओळीत भगदाडं पडतात, आणि त्याचा दोष बिचाऱ्या फॉन्टवर येतो.

जुनाच फॉन्ट चालू ठेवावा का? ऑपरेटरचा हात बसलेला असतो, हे खरं. पण त्या फॉन्टांत मराठी अक्षरं रोमन कळांच्या जागी बसवलेली असतात. बातमी व्हॉट्सअॅपवर चिकटवली की नुसता कचरा, आणि जुने अंक शोधायची सोय नाही. मी तरी परत जाणार नाही. बदलताना जपा मात्र. आमच्या पहिल्या युनिकोड अंकात अख्ख्या पानावर 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना' झालं होतं. युनिकोडच्या एका पद्धतीत र्‍य जुळवायला एक अदृश्य चिन्ह वापरलेलं असतं. आमच्या रूपांतरात ते गळलं आणि प्रुफात कुणाच्याच नजरेला आलं नाही. आता आधी ऱ्य शोधतो, मगच पान सोडतो.

तर माझा कौल असा. बातम्यांची पानं, तक्ते आणि सगळे मथळे मुक्तात. अग्रलेखाचं पान तिरोत, १२ पॉइंट, मथळा मुक्ताच्या मधल्या वजनात. दिवाळी अंक काढत असाल तर तो बहुधा मॅपलिथोवर, म्हणजे न्यूजप्रिंटपेक्षा गुळगुळीत पांढऱ्या कागदावर, छापला जातो; तिथे अथपासून इतिपर्यंत तिरोच लावा, त्याची बारीक रेघ तिथे टिकते. तुमच्या वाचकांत साठीच्या पुढचे जास्त असतील आणि छापखाना प्लेट नीट काढत असेल, तर बातम्यांनाही तिरो चालेल.

छापखान्यावर विश्वास नसेल तर पुढच्या अंकात एक पाव पान मोकळं ठेवा. तीच बातमी शेजारी शेजारी दोन्ही फॉन्टांत लावा. तिच्यात भरती, धडा, शेतकऱ्यांच्या आणि ॲडव्होकेट हे शब्द असू द्या. सुरुवातीच्या पन्नास प्रती सोडा, शाई तेव्हा जमलेली नसते. गठ्ठ्याच्या मधली प्रत काढा आणि संध्याकाळी घरातल्या पिवळ्या दिव्याखाली, चष्मा न लावता वाचा.