साठीची नायिका आणि माळ्यावरची पोरं: 'द सारा जेन ॲडव्हेंचर्स'ची पात्रनिवड

'द सारा जेन ॲडव्हेंचर्स' ही मुलांसाठीची ब्रिटिश विज्ञानकथा मालिका बघायला घेणार असाल तर पहिल्या विशेष भागावरून मत बनवू नका. 1 जानेवारी 2007 ला बीबीसीने दाखवलेल्या त्या तासाभराच्या भागात केल्सी नावाची एक मुलगी आहे. सप्टेंबरमध्ये नियमित भाग सुरू झाले तेव्हा केल्सी गायब होती आणि तिच्या जागी क्लाइड लँगर नावाचा मुलगा आला होता. नवी मालिका आणि लगेच अशी अदलाबदल, म्हणजे कुठेतरी घोळ झाला असं आपण गृहीत धरतो. इथे मात्र पुढची पाचही पर्वं त्या एका दुरुस्तीवर उभी आहेत.

'डॉक्टर हू' या बीबीसीच्या जुन्या विज्ञानकथा मालिकेत एलिझाबेथ स्लेडन यांनी पत्रकार सारा जेन स्मिथ पहिल्यांदा साकारली ती 1973 साली. 2006 मध्ये त्या एका भागापुरत्या परत आल्या आणि 'डॉक्टर हू'चे तेव्हाचे मुख्य लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी त्यांच्यासाठी ही स्वतंत्र मालिका उभी केली, तीही सीबीबीसी या मुलांच्या वाहिनीवर. नायिका साठीची, प्रेक्षक शाळकरी. तेव्हा भोवतालची मुलं नुसती गोड असून भागणार नव्हतं. परग्रहवासीयांशी झुंजणाऱ्या सारा जेनच्या 13, बॅनरमन रोड या घराचा जिना चढून माळ्यावर जायला प्रत्येक मुलाकडे स्वतःचं कारण हवं, आणि स्लेडनबाईंसमोर उभं राहिल्यावर ते मूल झाकोळून जाता कामा नये. पात्रनिवडीची खरी परीक्षा इथेच होती.

केल्सी या परीक्षेत नापास झाली, पण दोष अभिनेत्रीचा नाही, भूमिकेच्या आखणीचा आहे. ती गोंधळ घालते, किंचाळते, तिला कशाचं काही पडलेलं नसतं. ज्याला काही पडलेलंच नाही, तो दुसऱ्या आठवड्यात परत का येईल? क्लाइडही तोंडाळच आहे, पण त्याची थट्टा ही त्याची ढाल आहे. बाप घर सोडून गेलाय, आई एकटी कमावते, आणि हा गडी सगळ्या गोष्टी हसण्यावारी नेतो. क्लाइड झालेल्या डॅनिएल अँथनीला विनोदाची वेळ साधते हे दहा मिनिटांत कळतं. विनोद थांबल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काय उरतं, ते बघायला मात्र दुसऱ्या पर्वातली बाप परत येतो ती कथा बघावी लागते.

मारिया जॅक्सन म्हणजे प्रेक्षकाचे डोळे. आईवडील वेगळे झालेत, बापाबरोबर ती नव्या घरी राहायला आलीय आणि खिडकीतून समोरच्या बाईंचं घर दिसतंय. कागदावर ही सगळ्यात सपाट भूमिका. यास्मिन पेजने ती उचलली कशी, हे पहिल्या पर्वातल्या 'व्हॉटेव्हर हॅपन्ड टू सारा जेन?' या दोन भागांत दिसतं. मारिया सकाळी उठते तर सारा जेन नावाची बाई जगातून पुसली गेलेली. तिच्या घरात तिसरीच कुणी राहतेय, क्लाइडला ते नाव ठाऊक नाही, आणि सारा जेनच नाही तर तिने वाढवायला घेतलेला ल्यूक तरी कुठून असणार? आठवण एकट्या मारियाला आहे, कारण सारा जेनने दिलेली एक छोटी पेटी तिच्याकडे राहिलीय. आता नायिकाच नसलेला अख्खा भाग पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने ओढून न्यायचा. पेज कुठेही रडारड करत नाही. तोच प्रश्न ती दर माणसाला विचारते आणि दर वेळी आवाज थोडा आणखी खाली येतो. बाल किंवा किशोर कलाकार निवडताना नेमकं हेच तपासायचं असतं: मोठा माणूस चौकटीत नसताना मूल कॅमेरा धरून ठेवतं का?

ल्यूकची निवड सर्वांत जोखमीची होती. हा मुलगा परग्रहवासीयांनी कारखान्यात तयार केलेला. तिथे फिरायला येणाऱ्या हजारो माणसांची मोजमापं घेऊन घडवलेला, म्हणून त्याला बेंबीच नाही. बुद्धी अफाट, जगाचा अनुभव शून्य. अशा भूमिकेत मुलं दोन पद्धतींनी फसतात: एक तर यंत्रमानवासारखं सुटं सुटं बोलतात, नाहीतर बावळटपणा करून हशा मिळवतात. टॉमी नाइट तेव्हा चौदाच्या आसपास होता. दोन्ही खड्डे त्याने चुकवले, कारण तो न समजलेली गोष्ट खरोखर ऐकतो. 'रिव्हेंज ऑफ द स्लिदीन' या पहिल्या नियमित कथेत शाळेतल्या पहिल्याच दिवशी ल्यूक निरागसपणे एक गणित दुरुस्त करून देतो आणि शत्रूचं अडलेलं काम मार्गी लागतं. हुशार मुलाकडून चूक घडवायची तर ती अशी, त्याच्या स्वभावातूनच निघालेली.

आता हिशेबाकडे येऊ, कारण मुलांच्या मालिकेतली अर्धी पात्रनिवड घड्याळ करतं. इंग्लंडमध्ये 2014 पासून लागू असलेल्या नियमांनुसार नऊ वर्षांवरच्या शाळकरी कलाकाराला सेटवर जास्तीत जास्त साडेनऊ तास थांबवता येतं, त्यातलं प्रत्यक्ष काम 5 तास, आणि सलग अडीच तासांपेक्षा जास्त नाही. पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी हेच आकडे 8 तास आणि 3 तास. शाळेच्या दिवशी किमान 3 तास शिकवणी. कॅलिफोर्नियात नऊ ते पंधरा वर्षांच्या मुलाचा दिवस 9 तासांचा: 5 काम, 3 अभ्यास, 1 विश्रांती. आपल्याकडे 2017 च्या बालकामगार नियमांत चौदा वर्षांखालच्या कलाकाराला दिवसाला 5 तास, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांवर नाही, ओळीने 27 दिवसांवर काम नाही, पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस, आणि कमाईतले किमान 20 टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत. आपल्या मराठी वाहिन्यांवर रोज रात्री दिसणाऱ्या छोट्या कलाकारांनाही हे लागू आहे, आणि रोजच्या मालिकेत ते 27 दिवस किती लवकर भरतात हे वेगळं सांगायला नको.

पाच तास ऐकायला पुष्कळ वाटतात. पण चौघा पात्रांचा एक प्रसंग म्हणजे एक मास्टर (अख्ख्या प्रसंगाचा शॉट), चार क्लोज (एकेका चेहऱ्याचे), दोन-तीन सजेशन (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा शॉट), आणि विज्ञानकथा असेल तर त्यावर हिरव्या पडद्यासमोरचा रिकामा टेक. चारही मुलं खरोखर अल्पवयीन असतील तर सगळ्यांचं घड्याळ एकाच वेळी संपतं. म्हणून युनिट मुलांचे क्लोज आधी उरकतं, मुलं गेली की त्यांच्या जागी डुप्लिकेट उभा करून त्याच्या खांद्यावरून मोठ्यांचे शॉट घेतं. पडद्यावर एखाद्या मुलाची पाठच जास्त दिसायला लागली तर कारण बहुधा हेच.

'सारा जेन'ची जुळणी या दृष्टीने बघितली की दाद द्यावी लागते. 2007 मध्ये टॉमी नाइट आणि यास्मिन पेज खरे किशोरवयीन होते, डॅनिएल अँथनी मात्र विशीला टेकलेला. 2008 मध्ये रानी या नव्या मुलीच्या भूमिकेत आलेली अंजली मोहिंद्रा 18 वर्षांची. म्हणजे पडद्यावरची शाळकरी मंडळी प्रत्यक्षात मिश्र वयाची आहेत. हेतू काहीही असो, फायदा उघड आहे: ज्यांना तासांची मर्यादा नाही ते सराईतपणे सीन धरतात, आणि खऱ्या मुलाच्या शेजारी उभे राहिल्याने तेही लहानच वाटतात. नुसते मोठे कलाकार शाळेच्या गणवेशात घातले की ही जादू होत नाही. त्याच 'डॉक्टर हू'च्या कुटुंबातली 2016 ची 'क्लास' ही आठ भागांची मालिका बघा. विद्यार्थी झालेले कलाकार मोठे आहेत, काम बहुतेकांचं चोख आहे, पण त्यातली तान्या ही विद्यार्थिनी चौदा वर्षांची आहे हे संवादातून पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. ती साकारणाऱ्या व्हिव्हियन ओपाराच्या चेहऱ्यात ते चौदा वर्षांचं कच्चेपण येणार कुठून? अर्थात 'क्लास'मध्ये रक्तपात आणि शय्यादृश्यं आहेत, तिथे खरी शाळकरी मुलं घेणं शक्यच नव्हतं. मुलांचं वय ठरवण्याआधी गोष्ट कुणासाठी आहे ते ठरवावं लागतं.

खरी मुलं घेतली की दुसरी पंचाईत म्हणजे ती वाढतात आणि त्यांना परीक्षा असतात. पेजची जीसीएसई (आपल्या दहावीसारखी ब्रिटिश परीक्षा) आली आणि दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच कथेत मारिया बापाच्या नोकरीपायी अमेरिकेला गेली. कारण साधं, पटणारं, आणि परत यायला दार उघडं ठेवणारं. केल्सीच्या वेळी जे जमलं नाही ते इथे जमलं. 2010 मध्ये ल्यूकलाही ऑक्सफर्डला पाठवलं, के-9 या यांत्रिक कुत्र्यासकट. हा धक्का मात्र चौथ्या पर्वाला पचलेला नाही. आई आणि मुलगा हा मालिकेचा कणा होता. ल्यूक अधूनमधून पडद्यावरून बोलतो, पण जेवणाच्या टेबलावरची रिकामी खुर्ची व्हिडिओ कॉलने भरत नाही.

मारियाच्या घरात राहायला आलेलं चंद्रा कुटुंब हा या मालिकेतला आपल्या वाचकांना विशेष रस वाटावा असा भाग. रानीला पत्रकार व्हायचंय, म्हणजे सारा जेनच्या माळ्यावर चढायला तिच्याकडे चौघांतलं सगळ्यात पक्कं कारण आहे. बाप हरेश शाळेचा कडक मुख्याध्यापक, आई गीताचं फुलांचं दुकान. गीता सारा जेनला सतत नुसतं 'सारा' म्हणते आणि त्या दर वेळी 'सारा जेन' अशी दुरुस्ती करतात. एवढ्या एका खोडीवर शेजारधर्म उभा राहतो. ब्रिटिश मालिकेत भारतीय घर आलं की लग्न जुळवणं नाहीतर घराण्याची अब्रू यातलं काहीतरी येतंच, इथे ते येत नाही. मोहिंद्राने रानीला थोडी अगोचर, थोडी मानी ठेवलीय. तिसऱ्या पर्वातल्या 'द मॅड वुमन इन द ॲटिक'मध्ये रागाच्या भरात ती बोलून जाते आणि सगळं गमावते, तेव्हा तो मानीपणा तिच्या अंगाशी येतो. म्हातारी रानी साकारणाऱ्या सुआद फरेस आणि तरुण मोहिंद्रा यांची सांगड पटते. वेगवेगळ्या वयाची एकच व्यक्ती निवडताना नाकडोळे जुळवत बसण्यापेक्षा बोलण्याची लय जुळवलेली बरी.

विज्ञानकथेच्या ऑडिशनमध्ये एक जास्तीची पायरी असते, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पहिल्या वाचनात मूल घरून घोकून आलेलं करतं, त्याला फारशी किंमत नाही. दुसऱ्या वेळी उलटी सूचना द्यायची, 'आता घाबरलेला नाहीस, चिडला आहेस', आणि वाक्य खरोखर बदलतं का बघायचं. तिसऱ्या फेरीत मुख्य कलाकारासमोर उभं करायचं. आणि मग भिंतीवर किंवा स्टँडवर एक चिकटपट्टी लावून सांगायचं, राक्षस तिथे आहे. पुष्कळ मुलं मोठ्ठाले डोळे करून किंचाळतात, पण नजर चिकटपट्टीवर टिकत नाही, दुसऱ्या वाक्याला ती दिग्दर्शकाकडे वळते. चौघांच्या नजरा चार उंचीवर गेल्या की पुढे संगणकावर राक्षस कितीही भारी बनवा, तो हवेत तरंगतो. या मालिकेची गंमत अशी की बऱ्याच वेळा मुलांसमोर रबरी पोशाखातला खराखुरा माणूस उभा आहे. पोशाख कधीकधी हास्यास्पद दिसतात, पण मुलांच्या नजरा पक्क्या राहतात.

पाचव्या पर्वातल्या स्कायबद्दल निकाल देणं अन्यायाचं ठरेल. दारात ठेवलेलं बाळ बघता बघता बारा वर्षांची मुलगी होतं, आणि शनेड मायकलच्या रूपाने मालिकेत पुन्हा एक खरं लहान मूल येतं. पण एप्रिल 2011 मध्ये स्लेडन गेल्या आणि त्या पर्वाचे सहाच भाग दाखवले गेले. ल्यूक गेल्यावर पडलेली फट स्काय भरून काढणार हे त्या सहांतही दिसतं. त्यातल्याच 'द कर्स ऑफ क्लाइड लँगर'मध्ये आईसकट जवळपास सगळे क्लाइडवर उलटतात आणि त्याला रस्त्यावर झोपावं लागतं. 2007 मध्ये केल्सीच्या जागी आलेल्या मुलाच्या वाट्याला अशी कथा यावी, हे त्या निवडीचं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक.

नव्याने बघणाऱ्यांनी 'रिव्हेंज ऑफ द स्लिदीन'पासून सुरुवात करावी. प्रत्येक कथा दोन भागांची आहे आणि एक भाग अर्ध्या तासाच्या आत संपतो. आठ-नऊ वर्षांचं मूल शेजारी असेल तर दुसऱ्या पर्वातली विदूषकाची कथा संध्याकाळी लावू नका, दुपारी लावा. केल्सीचा विशेष भाग मग सवडीने, ल्यूक कुठून आला याची उत्सुकता लागली की बघावा.