म्युनिकमध्ये सहा महिन्यांसाठी घर: सामानासह की रिकामं?

सामानासह घराचं भाडं जास्त वाटतं, पण त्यात हीटिंग, वीज, इंटरनेट बहुधा धरलेलं असतं. रिकाम्या घराचं काल्टमिटे, म्हणजे नुसतं भाडं, स्वस्त दिसतं आणि तिथंच गणित चुकतं: हीटिंग-पाणी वेगळं, विजेचा करार स्वतःच्या नावावर, अनेकदा स्वयंपाकघरात ओटा-सिंकसुद्धा नाही! शिवाय घर सोडताना साधारण ३ महिन्यांची नोटीस. डिपॉझिट काल्टमिटेच्या जास्तीत जास्त तिप्पट. ते ३ हप्त्यांत देता येतं.

इतक्या कमी मुदतीसाठी सामानासहच घ्यावं. फक्त करारापूर्वी विचारा, पत्तानोंदणीसाठी तुम्ही तिथं राहत असल्याचा दाखला मालक देणार का? नोंदणी राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत करायची असते आणि टॅक्स-आयडी त्यानंतरच टपालानं येतो. मालक टाळाटाळ करत असेल, तर दुसरं घर बघा.